सिद्धव्वाची जोड

मुडबीच्या सिद्धव्वाला काठी येत होती. कुत्र्यावर उगारण्यापुरती किंवा ज्वारीतली डुकरं हाकण्यापुरती नव्हे, तर रीतसर शिकल्यासारखी. डोक्यावरचा शीर, गालावरचा तमाचा, खांद्यावरचा बाहेरा, असा प्रत्येक वार नाव घेऊन मारता यावा इतकी. आणि ही गोष्ट गावात कुणालाही ठाऊक नव्हती. गावाला ठाऊक होती ती अमृतप्पाची विधवा, दिराच्या घरी राहणारी, मोजकं बोलणारी, रानाची राखण करणारी. राखण करणाऱ्या माणसाच्या हातात काठी असायचीच, तेव्हा तिच्या काठीकडे दुसऱ्यांदा पाहावं असं कुणाला वाटलं नाही. तिच्याकडेही नाही, म्हणा.

ती शिकली कॅम्पात. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात अमृतप्पा आळंदच्या बाजारात तूर घालून परत निघाला आणि वाटेत मारला गेला. बैल आपले आपण गाडी घेऊन घरी आले. रजाकारांनी मारलं असं काही जण म्हणाले, वाटमाऱ्यांनी मारलं असंही दोघे-तिघे हळूच म्हणाले. मारणाऱ्याचं तोंड कुणीच पाहिलेलं नव्हतं, पण जात मात्र प्रत्येकाला ठाऊक होती. धाकटा दीर ईरण्णा शहाणा. त्यानं बायकामाणसं गाडीत घातली आणि निजामाची हद्द ओलांडून सोलापूरकडच्या एका कॅम्पात नेऊन सोडली.

तिथं हेमावतीबाई नावाच्या एक मास्तरीण होत्या. रोज उजाडताना त्या तीस बायकांना माळावर रांगेत उभं करत, गळ्यातली शिट्टी वाजवत आणि शिट्टीसरशी एकेक वार करून घेत. बायका पदर सावरता सावरता काठ्या पाडत आणि एकमेकींकडे बघून हसत सुटत. सिद्धव्वा हसली नाही. नवरा गेल्यापासून तिला झोप नव्हती आणि रडूही येत नव्हतं; हातांचं काय करावं हेच तिला कळेनासं झालं होतं. काठी आली आणि हातांना काम मिळालं. रांगेतले पाठ सगळे झाल्यावर दसऱ्यापासून जोडीनं खेळायला शिकवायचं ठरलं होतं. पण भाद्रपदात फौज आली, चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य आटोपलं, कॅम्प उठला आणि मास्तरीणबाई सोलापूरला निघून गेल्या. जोडीचा धडा राहिला तो राहिलाच.

मुडबीला परत आल्यावर सिद्धव्वानं रानाची राखण मागून घेतली. ईरण्णाला बरंच वाटलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला तांबड्या मुरमाचं एक खोलगट लवण होतं, तिन्ही बाजूंनी सीताफळीची झाडी आणि मधोमध एक पळस. तिथं खाली उतरलेलं माणूस वाटेवरून दिसत नसे. तिथं जाऊन ती लुगड्याचा कासोटा मारायची, काठी कपाळाला लावायची आणि मनातल्या मनात शिट्टी वाजवून सुरुवात करायची. होले घुमायचे, तित्तर ओरडायचे, काठी हवेत सूं करायची. तासाभरानं कासोटा सोडून, लुगडं नीट करून ती पुन्हा रानाच्या कडेला येऊन बसायची. असं एक वर्ष गेलं, दोन गेली, सहा गेली.

पण एकटीनं काठी खेळणं म्हणजे एकटीनं फुगडी घालणं. तिला समोर कुणीतरी हवं होतं. जिंकायची हौस नव्हती तिला, कुणावर सूडही नव्हता घ्यायचा. एकदा, फक्त एकदा, आपल्या काठीला दुसरी काठी लागावी, एवढीच तिची मागणी होती. ती मागावी कुणाजवळ? बाईवर काठी उगारायची नाही असा गावाचा नियम होता. घरात बायकोवर उगारायला हरकत नव्हती, ते नियमात धरत नसत. एकदा खळ्यावर तिनं जाऊबाईच्या, नागम्माच्या हातात काठी दिली आणि म्हणाली, "मार की मला. हाण." नागम्मा आधी घाबरली आणि मग इतकी हसली, की कणसांच्या ढिगावर बसली. "अगं अक्का, येड लागलंय काय तुला?" म्हणत तिनं ती काठी कुडाला टेकवून ठेवली. सिद्धव्वाही हसल्यासारखं करून कामाला लागली.

पंचावन्न सालच्या माघात एके सकाळी ती वार करत असताना मागं कुणीतरी खाकरलं. तिनं वार अर्ध्यातच सोडला आणि कासोटा सोडवू लागली.

"थांबू नक्को," आवाज आला. "वार अर्ध्यात सोडू नाई."

पळसाखाली दोन शेळ्या घेऊन लालेसाब पिंजारी उभा होता. हा गावच्या गाद्या पिंजणारा म्हातारा पूर्वी गावच्या तालमीचा उस्ताद होता. मोहरमच्या मिरवणुकीत डोल्यांपुढं काठी खेळणारी पोरं त्याच्या हातची, आणि त्यांत लिंगायतांची होती, मराठ्यांची होती, धनगरांची होती. फौज आली त्या पोलीस ॲक्शननंतर तालमीतल्या काठ्या, पट्टे सगळं जमा करून नेलं आणि तालमीत आता कुणाचा तरी कडबा भरलेला असे. त्या ॲक्शनच्याच आठवड्यात त्याचा एकुलता एक मुलगा बंदगी जवळच्या कल्याणीला गेला होता, तो परत आला नाही. इथंही मारणाऱ्याचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. आणि इथं कुणी जातही सांगायला पुढं आलं नाही.

"कुठं शिकलीस?" त्यानं विचारलं.

"कॅम्पात."

"तरीच. शिट्टीवर नाचायलीस." तो जवळच्या दगडावर बसला. "तुज्या समोर कोन हाय?"

"कुनी न्हाई."

"दिसायलंय त्ये. तुजा शीर बग, कुठं थांबायलाय? तुज्याच उंचीवर. समोरचा उंच असंल, बुटका असंल, सरकंल, पाय मागं घेईल. तुजा हालतच न्हाई. सा वर्सं तू सोताच्याच डोस्क्यात मारायलीस, सिद्धव्वा."

सिद्धव्वाला राग आला. सहा वर्षं कुणी बघितलं नाही म्हणून झुरायचं, आणि बघणारा भेटला की त्यानं हे सांगायचं! पण राग आला तसा गेलाही, कारण म्हाताऱ्याचं खरं होतं.

"मग तुमी उभं ऱ्हावा, उस्ताद," ती म्हणाली.

उस्ताद ही हाक लालेसाबला सहा-सात वर्षांत कुणी मारली नव्हती. तो शेळ्यांकडे बघत राहिला.

"म्या? लालेसाबानं लिंगायताच्या विधवेवर काठी उगारली, ह्ये गावात कसं पोचंल, ठावं हाय का तुला? माजं घर कुडाचं हाय, बेटी. एक काडी लई झाली."

पण दुसऱ्या दिवशी शेळ्या पुन्हा त्याच लवणात आल्या, आणि तिसऱ्याही दिवशी. तो दगडावर बसे आणि तोंडानं सांगे, "पाय. पाय मागं. खांदा सैल सोड. आता म्या डाव्या हातानं मारलाय, घे." कुणीच मारलेलं नसायचं, तरी ती घ्यायची. तिच्या चुका चुका म्हणून कुणाला तरी दिसत होत्या, याचंच तिला सुख होतं. घरी भाकरी थापताना ती गुणगुणते असं नागम्मानं ईरण्णाला सांगितलं. ईरण्णानं "बरं हाय की" म्हणून पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

फाल्गुनात पळस पेटला तेव्हा लालेसाबचे हात शिवशिवायला लागले. एक दिवस तो स्वतःसाठी काठी तासून घेऊन आला.

"एक डाव," तो म्हणाला. "एकच. पन आमच्या तालमीचा कायदा हाय. दोगांनी एका लोट्यातलं पानी प्यायचं. वरनं धार न्हाई, तोंड लावून. वडीलधाऱ्यानं आधी, मग धाकल्यानं. मग किती बी लागू दे, मार हितंच मातीत ऱ्हातो, कुनी घरी न्हेत न्हाई. पान्याबिगर म्या कुनावर काठी उचलली न्हाई आजवर."

सिद्धव्वा हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचा पितळी लोटा घासून, घरच्या आडाचं पाणी भरून आणला, पण आणला पदराखाली झाकून. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ना, तसला प्रकार. लालेसाबनं लोटा दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटून ओठ हलवले, अर्धं पाणी प्याला आणि लोटा तिच्यासमोर धरला.

लोट्याची कड ओली होती. सिद्धव्वाला गळ्यातलं लिंग पदराआड छातीला लागलेलं जाणवलं. बसवण्णांनी आठशे वर्षांपूर्वी इथून हाकेच्या अंतरावर, त्याच कल्याणीत, सगळ्यांना एका पंगतीला बसवलं होतं, आणि त्यांचं नाव घेणारी आम्ही लेकरं आठशे वर्षांनी लोट्याच्या कडेपाशी अडून बसतो. पण खोटं कशाला बोला, तिला नुसता विटाळ आठवला नव्हता. तिला गाडी आठवली. माणसाशिवाय घरी आलेली गाडी आणि गळ्यातल्या घुंगरांसकट दारात येऊन उभे राहिलेले बैल. हा म्हातारा तिथं नव्हता हे तिला कळत होतं, तरी हात पुढं होईना. शेवटी तिनं लोटा घेतला आणि उरलेलं पाणी पळसाच्या मुळाशी ओतून टाकलं.

तिला वाटलं, पाणी संपलं, कायदा झाला, आता खेळू. इथं बघणारं कोण आहे?

लालेसाबनं काठी हळूच खाली ठेवली. शेळ्यांना हाक मारून तो लवणातून वर चढला आणि त्या दिवसानंतर त्या अंगाला फिरकला नाही.

सिद्धव्वाला वाटलं, विटाळाचा राग आला असेल, आठ दिवसांत निवळेल. आठ दिवस गेले, उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या. ती लवणात जायची, पण हात चालत नसे. पूर्वी सहा वर्षं समोर कुणी नव्हतं तेव्हा तिला चालत होतं. आता त्या रिकाम्या दगडाकडे लक्ष गेलं की काठी आपोआप खाली यायची. खांदा सैल सोड, असं ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणायची आणि आपल्याच आवाजानं दचकायची. तो पावसाळा तिला फार जड गेला.

श्रावणात ईरण्णा जेवता जेवता गावातल्या दोघांच्या जुन्या भांडणाची गोष्ट सांगत होता. "त्येंचं आता मरंस्तवर जमत न्हाई. तालमीत असताना एकानं लोट्यातलं पानी वतलं हुतं."

सिद्धव्वाचा वाढता हात थांबला. "पानी वतलं म्हंजी?"

"तालमीत पानी वतलं की वैर मांडलं, वैनी. तू माजा वैरी, तुज्या हातचा मार म्या घरी न्हेनार, असा अर्थ हुतो त्येचा. लालेसाब लई कडक ह्या बाबतीत."

"तुमी प्यालाव व्हय, त्या लोट्यातलं?"

"समदे प्यायचे की! घरी येऊन चूळ भरायची, इबत्ती लावायची, झालं." ईरण्णानं आणखी आमटी मागितली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तालमीत कायदे शिकलेला माणूस सहा वर्षं शेजारच्या पाटावर जेवत होता, आणि ही रांगेत शिकलेली बाई एका मुलगा गेलेल्या म्हाताऱ्याला तोंडावर सांगून आली होती की तू माझा वैरी. त्या दिवशी तिला घास गेला नाही. आपण काय केलं हे तिला कळलं, आणि ते कुणाजवळ बोलायची सोय नव्हती.

लगेच उठून गेली असती तर ती सिद्धव्वा कसली. तिला धीर गोळा करायला संक्रांत उजाडावी लागली. छप्पनच्या पौषात, भर दुपारी, ती गावकुसापलीकडच्या त्याच्या घरी गेली. लालेसाब अंगणात कापूस पिंजत होता. बायको कधीच वारली होती, मुलगी गुलबर्ग्याला दिली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. सिद्धव्वानं त्याच्याच रांजणात त्याचाच लोटा बुडवला आणि त्याच्यासमोर धरला.

"मला ठावं नव्हतं," ती म्हणाली. "वतायचा अर्थ मला ठावं नव्हता, उस्ताद. प्या."

"कुनी बगंल."

"बगू दे."

लालेसाबनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तो प्याला. त्यानं लोटा पुढं केला, तिनं घेतला आणि कडेला ओठ लावून तळापर्यंत संपवला. पाणी मचूळ होतं, त्याला जरा कापसाचा वास होता. बाकी काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लवणात दोघं समोरासमोर उभी राहिली. म्हाताऱ्यानं धोतर वर खोचलं, काठी कपाळाला लावली, आणि पाहता पाहता त्याची वीस वर्षं गळून पडली. तिनं शीर मारला, त्यानं तो काठीवर घेतला. खट्ट असा आवाज झाला आणि तिच्या मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. सात वर्षं या आवाजाची वाट पाहिली होती. तिला एकदम हसू फुटलं. हसत हसतच तिनं तमाचा मारला, बाहेरा मारला, त्यानं तेही घेतले, मग पाय बदलून त्यानं एक वार सोडला. तो कुठून आला ते तिला दिसलंच नाही. काठी तिच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, सपकन बसली.

लालेसाबचा चेहरा उतरला. "लागलं?"

"व्हय."

"थांबावं का?"

"न्हाई," ती म्हणाली. "आनखी."

शेळ्या दुसऱ्याच्या तुरीत शिरल्या तेव्हा कुठं दोघं थांबली.

घरी येताना सिद्धव्वा तो हात दुसऱ्या हातात धरून चालत होती. तो ठणकत होता, गरम झाला होता. तिच्या ध्यानात आलं, अमृतप्पा गेल्यापासून आपल्याला कुणी हातच लावलेला नाही. घरात कुणी वाईट वागत नव्हतं, पण वस्तू द्यायची तर समोर ठेवत, मूल द्यायचं तर पाळण्यात ठेवत. विधवेला कोण कशाला शिवेल? आणि आज एका माणसानं तिला मारलं होतं. मार तर मार, पण तो तिच्यासाठी होता, तिच्या अंगावर होता. तिला फार, फार बरं वाटत होतं.

संध्याकाळी भाकरी थापताना पदर सरकला आणि नागम्माला तो निळा-काळा वळ दिसला. "अग्गं! कुनी मारलं गं तुला?" ती इतक्या मोठ्यानं ओरडली, की ईरण्णा ओसरीवरून आत आला. सिद्धव्वाच्या ओठांवर नाव आलं होतं. पण तिला ते कुडाचं घर दिसलं.

"बैलानं मारलं," ती म्हणाली. "तांबड्यानं. शिंग लागलं."

ईरण्णाची भावजयीवर माया होती, नाही असं नाही. ती त्यानं दाखवली गोठ्यात जाऊन. कासरा दुहेरी करून त्यानं तांबड्याला मारायला सुरुवात केली. चोर सोडून संन्याशाला सुळी. तो गरीब बैल आपण काय केलं हे न कळून दाव्याभोवती फिरत होता आणि सिद्धव्वा दारात उभी राहून बघत होती. दोनदा तिनं तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. खरं सांगितलं असतं तर तो कासरा कुणाच्या पाठीवर पडला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सकाळी तिनं लवणात हे लालेसाबला सांगितलं.

"लई मारलं का बैलाला?"

"लई."

त्यानं आपली काठी उचलली, पण कपाळाला लावली नाही. "आज बैल सापडला, सिद्धव्वा. दुसऱ्या बारीला कुनाचं नाव सांगशील?"

"सांगीन काय तरी."

"नक्को, बेटी. आता माज्याबिगर मार खानारं कुनी ऱ्हायलं न्हाई घरात, पन माराची भीती अजून हाय." तो उठला. जाताना थांबून म्हणाला, "तुजा बाहेरा चांगला हाय. खरंच चांगला हाय." महिन्याभरात दोन्ही शेळ्या विकून तो लेकीकडे गुलबर्ग्याला गेला असं तिनं पुढं ऐकलं.

तो लवणातून गेला त्या दिवसापासून सिद्धव्वा काठी न घेताच तिथं जाऊन बसायची आणि पदर बाजूला करून हात बघायची. वळ आधी काळानिळा होता, मग हिरवट झाला, मग कडेनं पिवळा पडत आला. ती अंगठ्यानं तो दाबायची. दुखलं की तिला धीर यायचा. कालच्यापेक्षा कमी दुखलं तर ती आणखी जोरानं दाबायची. बाराव्या दिवशी तिनं दाबलं, पुन्हा दाबलं, नख लावून पाहिलं. आत काहीच दुखत नव्हतं. तेव्हा मात्र ती हात मांडीवर ठेवून रडायला लागली. अमृतप्पाची गाडी रिकामी आली त्या दिवशी रडली नव्हती, ते सगळं रडली.